बाराव्या विभागाचा खुलासा

तीर्थरूप मामा,

तुमच्या पायांवर डोके ठेवून नमस्कार. (पत्रात डोके ठेवायला खर्च पडत नाही, म्हणून मामींच्या पायांवरही ठेवतो.) इकडे मी खुशाल आहे असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले, खरे म्हणजे चार दिवस घास उतरत नाही. तुमचा खोकला कसा आहे? रंगाचे डबे उघडताना तोंडाला फडके बांधता, की मामी बघत असतात तेवढ्यापुरतेच?

पत्रास कारण की मला सोमवारी दुपारी बारापर्यंत लेखी खुलासा द्यायचा आहे आणि तो पटला नाही तर माझी नोकरी जाणार आहे. आरोप असा : "विनापरवानगी विभाग स्थापन करून तो सोळा दिवस चालवणे." मी चोरी केलेली नाही, एवढे मामींना आधी सांगा आणि मगच पुढचे वाचून दाखवा.

मामी दर पत्रात विचारतात की न्याय मंत्रालयात बसून मी लोकांना न्याय देतो का. नाही. ते काम न्यायालयाचे. आमचे खाते न्यायालयाला न्यायाधीश देते, छप्पर देते, पंखा देते आणि पंखा बंद पडला तर का पडला ते विचारते. कायदे निवडून आलेली माणसे करतात, पण त्यांचा मसुदा आमच्या दुसऱ्या मजल्यावर लिहिला जातो. शिक्षा झाली की ठेवायचा तुरुंग आमचा, ऐपत नसेल तर फुकटचा वकील आमचा आणि दयेचा अर्ज वर पोचवायचा तोही आम्हीच. म्हणजे पडदा, दिवे, खुर्च्या सगळे आमचे. नाटक तेवढे दुसऱ्यांचे. आणि मी या सगळ्याच्या दारांवरच्या पाट्या रंगवतो. सातवीनंतर शाळा सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ मी सोडले नाहीत, त्या जोरावर ही नोकरी लागली होती.

तर झाले असे की खालच्या दालनात खात्याच्या रचनेची मोठी पाटी लावायची ठरली. वर मंत्री, त्यांच्याखाली थोरले साहेब (म्हणजे सचिव, ते फक्त लिफ्टमध्ये दिसतात), त्यांच्याखाली मधले साहेब आणि मग सगळे विभाग, प्रत्येकाची चौकट आणि खोलीचा क्रमांक. डावीकडे सहा विभाग आले, उजवीकडे पाच. तुम्हीच शिकवलेत ना, की पाटी पंधरा पावलांवरून बघावी आणि कललेली वाटली तर त्या रात्री झोप लागता कामा नये. मी पंधरा पावलांवरून बघितले, तर अख्खे न्याय खाते डावीकडे कलंडलेले. मी उजवीकडे खाली आणखी एक चौकट काढली. सोनेरी कडा, आत काही नाही. (खुलाशात तुमचे नाव घालणार नाही, काळजी नसावी.)

उद्घाटनाला मंत्र्यांनी पाटीवरचा पडदा ओढला. लोक पडदा ओढतात आणि चहाकडे वळतात, पण या मंत्र्यांनी पाटी खालपर्यंत वाचली आणि रिकाम्या चौकटीवर बोट ठेवले. "इथे काय?" मधल्या साहेबांनी पंचवीस वर्षांच्या नोकरीत "माहीत नाही" म्हटलेले नाही. ते म्हणाले, "प्रस्तावित आहे, साहेब." मंत्री म्हणाले, "उत्तम! लवकर सुरू करा." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, एकट्याने हात बांधून उभे राहणे बरे दिसले नसते.

दुसऱ्या दिवशी आवकबाई (बाहेरून येणारा प्रत्येक कागद वहीत चढवून विभागांना वाटणाऱ्या) माझ्या जिन्याखालच्या खोलीत आल्या. "काय रे पेंटर, तो बारावा विभाग बसतो कुठे?" मी म्हटले, "कुठे नाही बाई, ती नुसती चौकट आहे." त्या म्हणाल्या, "नुसती कशी? मंत्र्यांनी सुरू केलाय. माझ्या टेबलावर गठ्ठा साचलाय, मला खोली सांग." मी म्हटले, तात्पुरते इथे ठेवा. मामा, तात्पुरते हा शब्द आमच्या इमारतीत दगडापेक्षा जास्त टिकतो. आठवड्याभरात माझ्याकडे एकशे त्रेचाळीस कागद जमले, आणि प्रत्येकावर दोन-तीन विभागांनी एकच शेरा मारलेला : "आमच्याकडचे नाही."

रंगाचे डाग पडू नयेत म्हणून मी ते तारखेप्रमाणे लावले. लावताना वाचले, इथेच घोटाळा झाला. एक कागद एका माणसाचा होता. मुकादमाने मारले म्हणून त्याने मुकादमाला फळी मारली होती. वरच्या न्यायालयाने म्हटले, भोगली तेवढी शिक्षा पुरे, सोडा. तुरुंगाने खात्याला विचारले, सोडू का? न्यायालय विभाग म्हणे हे तुरुंग विभागाचे, तुरुंग विभाग म्हणे हे न्यायालय विभागाचे. एकवीस दिवस झाले होते आणि माणूस आतच. त्याची बहीण रोज येऊन माझ्या दारासमोरच्या बाकावर बसायची. तिला कोणीतरी सांगितले होते की भावाचा कागद बाराव्या विभागात आहे. ती मला साहेब म्हणायची. मी म्हटले, "अहो ताई, मी साहेब नाही, पेंटर आहे." ती म्हणाली, "असू दे. वरच्या साहेबांनी कागद उघडला पण नाही. तुम्ही वाचलाय ना?"

वाचला होता. मग मला खोटे बोलता येईना. मी कागदावर माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात लिहिले, "बारावा विभाग : पाहिले." (हे खरेच आहे, मी पाहिले होते.) आणि घेऊन वर गेलो. तुरुंग विभागातला कारकून चष्मा वर करून म्हणाला, "बाराव्याने पाहिलंय होय? मग आण इकडे." सही. न्यायालय विभागातही सही. जिथे दोघे अडले होते तिथे तिसऱ्याने बघितले म्हटल्यावर दोघांचेही ओझे उतरले. शुक्रवारी माणूस सुटला.

मग उरलेले कागद माझ्याकडे बघू लागले. एकेक करत एकूण एकतीस मार्गी लागले. कोणाला काही कळले नसते, पण मधल्या साहेबांनी बैठकीत बारावा विभाग सर्वांत जलद असल्याचे सांगून त्याच्या प्रमुखाला अभिनंदनासाठी बोलावणे पाठवले. मी हातावरचा निळा रंग धुऊन गेलो, तरी नखांत राहिलाच. साहेबांनी नखांकडे बघितले, मग माझ्याकडे, आणि अभिनंदनाच्या जागी नोटीस लिहायला सांगितली. माणूस वाईट नाहीत ते. नोटीस देताना हळूच म्हणाले, "अरे, निदान मला तरी सांगायचंस." मी म्हटले, "साहेब, तुम्ही बैठकीत होतात." हे बोलायला नको होते असे आता वाटते.

तेव्हा मामा, सोमवारी काय होईल सांगता येत नाही. तुमच्या दुकानात एका माणसाची जागा आहे, ती माझ्यासाठी ठेवावी ही विनंती.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. : खुलासा चार वेळा लिहून झाला. उरलेले एकशे बारा कागद आता कोण बघणार, हे मात्र त्यात कुठे घालावे ते सुचत नाही.

ता. क. दुसरे : हे पत्र टपालाने आलेले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. ज्याने आणून दिले तोच तो. बहिणीच्या सासरी त्याला घरात घेत नाहीत आणि मुकादमाकडे तो परत जाऊ शकत नाही. ब्रश धरता येत नाही, पण शिडीवर चढतो आणि फार बोलत नाही. जागा माझ्यासाठी ठेवा असे वर लिहिले आहे ते खोडणार होतो, पण खाडाखोड तुम्हाला चालत नाही. ती त्याला द्या. माझा खुलासा अजून व्हायचा आहे, त्याची शिक्षा भोगून झाली आहे. आणि मामींना म्हणावे, आधी त्याला आत बोलवा. पत्र माझ्या हातून लांबले आहे, आणि वाचून होईस्तोवर तो दारातच उभा असेल. कोणी बस म्हटल्याशिवाय बसायची त्याची सवय गेली आहे.