दोन वाजताचं रक्त

१४ जानेवारी, मंगळवार

आयसीयूत नवीन डॉक्टर आलेत. फैजान. रत्नागिरीकडचे, म्हणजे इथे आखातात मराठीत बोलायला कोणी मिळालं असं वाटलं होतं. कसलं काय! पेशंटच्या पोटाला हात लावण्याआधी तळवे चोळून गरम करतात, मिनिटभर. बावीस वर्षं आयसीयूत नर्स म्हणून काढली, पोट तपासायचा असा सोहळा पाहिला नव्हता.

चार नंबरला सुदेश — देवगडचा, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे पाइप फिटर. आतड्याला भोक पडलेलं आणि कॅम्पवरचा डॉक्टर चार दिवस ॲसिडिटीच्या गोळ्या देत बसला. धन्य तो. शनिवारी इथे आणला तेव्हा पोटात सगळी घाण पसरलेली. आमच्या थोरल्या सर्जननी खराब तुकडा कापून आतडं जोडलं. आता उठून बसतो. बायकोला, चंपाला, फोनवर सांगत होता, "आयतवारपर्यंत चलाक लागतलंय."

१५ जानेवारी

फैजान आज पाच वेळा चार नंबरपाशी. दुसरे पेशंट दिसत नाहीत बहुतेक.

१६ जानेवारी, गुरुवार

सुदेशला उचक्या लागल्यात. नाडी एकशे अठरा. मला म्हणाला, "सिस्टर, माका बरा वाटणा नाय." ऑपरेशननंतर कोणाला बरं वाटतं?

फैजान थोरल्यांना म्हणाले, "सर, हे पोट मला ठीक वाटत नाही. जोड सुटत असेल. स्कॅन करून घेऊ." थोरल्यांनी घड्याळ पाहिलं. "गॅस आहे. चालवा त्याला. रविवारी बघू." म्हणजे इथल्या सुट्टीचे शुक्रवार-शनिवार मोकळे! त्यांचंही कळतं मला. पण फैजान? पटत नाही तर भांडावं. हे नुसते मान खाली घालून उभे.

मग हट्ट निघाला माझ्यावर. दर चार तासांनी सुदेशच्या रक्तातलं लॅक्टेट बघायचं. शरीरात जंतुदोष पसरायला लागला की हा आकडा चढतो, हे मला समजावून सांगितलं. मला.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी दहाला लॅक्टेट दोन. ठीकठाक. मी फैजानना दाखवलं — बघा. "दोन वाजता पुन्हा, ताई," एवढंच.

दोन वाजता पाच नंबरचा म्हातारा नळी ओढून काढत होता. तिकडून मोकळी झाले तर सुदेश डोळे मिटून पडलेला. मनगटाच्या शिरेत पुन्हा सुई खुपसायची, ती कोणाच्या शंकेपायी? मी रक्त काढलं नाही. तक्त्यात सकाळचाच आकडा लिहिला — दोन.

सव्वादोनला फैजाननी थोरल्यांना घरी फोन लावला. त्यांनी आकडा विचारला. यांनी तक्ता बघून सांगितला. फोन ठेवला.

साडेपाचला सुदेशचं प्रेशर सत्तरवर. हातपाय गार, घामाने चादर भिजलेली, मला ओळखेना. आता रक्त काढलं. सहा पूर्णांक आठ.

थोरले आले, ऑपरेशनला घेतलं. जोड सुटली होती.

१८ जानेवारी

सुदेश व्हेंटिलेटरवर. प्रेशर टिकवायला दोन औषधं चालू. पोट शिवलेलंच नाही, वर नुसता प्लॅस्टिकचा पडदा; परवा पुन्हा धुवायचंय. चंपाचा फोन आला. "पोट उघडा म्हंजे कसा ओ? आतला दिसता काय?" काहीतरी सांगून ठेवला.

तो तक्ता बदलता येत नाही. बदलून करणार तरी काय!

२४ जानेवारी

लघवी बंद होती, आज थोडी आली. पोट तिसऱ्यांदा धुतलं. फैजान सुट्टीच्या दिवशीही येऊन बसतात. अजून हात चोळतात. आता त्याला कुठे कळतंय गार की गरम.

२९ जानेवारी, बुधवार

चौकशीची बैठक. गोल टेबल, खजूर, गहवा — ती इथली कडू कॉफी. थोरल्यांनी तक्ता वाचला — "दोन वाजता लॅक्टेट दोन. स्कॅनची घाई करायला कारणच नव्हतं." सगळ्यांनी माना हलवल्या. एवढी शिकलेली माणसं, आणि दहाचा आकडा दोनला जसाच्या तसा का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. तरी कोणाच्या तरी नावावर काही टाकायला हवं. शेरा फैजानना — शंका होती तर पाठपुरावा केला नाही.

मला विचारलं, "सिस्टर समिधा, काही सांगायचंय?" मी म्हटलं, नाही.

लिफ्टमध्ये फैजान म्हणाले, "ताई, माझा हात सांगत होता पोट बिघडलंय. तुमचा आकडा बघितला आणि गप्प बसलो. माझंच चुकलं."

लिफ्ट तळमजल्यावर येईपर्यंत मी बटणांकडे बघत होते. थोरल्यांना हसले, कॅम्पच्या डॉक्टरला हसले. त्या टेबलावर माझ्याइतकं नीच कोणी नव्हतं.

८ फेब्रुवारी

सुदेशची नळी निघाली. जगतोय. आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढलंय, त्यावर पिशवी. जखम उघडीच, खालून हळूहळू भरायची. पाइप उचलायचं काम आता नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिहून दिलं. पाच ओळी. दोन वाजताचं रक्त काढलं नव्हतं, आकडा मनाने घातला.

मेट्रननी दार लावून घेतलं. "तुला कोणी विचारलं होतं? मी अजून पुढे पाठवलेलं नाही. फाडते, घरी जा."

"फाडलंत तर दुसरं लिहीन."

"लायसन्स जाईल."

"माहीत आहे."

फैजानना बाहेर गाठून सांगितलं. ते म्हणाले, "मी त्याच आकड्यावर फोन ठेवला, ताई." आणि निघून गेले.

१३ फेब्रुवारी

निर्णय येईपर्यंत दोन दिवस ड्यूटी आहे. सुदेशची पट्टी बदलली आणि त्याला सगळं सांगितलं. तो पोटावरच्या पिशवीकडे बघत ऐकत होता.

"म्हंजे त्ये तीन तास माका गावले आसते?"

"हो."

"उद्यापासून पट्टी दुसऱ्या कोणाक करूक सांगा," तो म्हणाला.