दोन बाहेर, तिसरा आत

बावधन,
२ सप्टेंबर २००८

प्रिय जुईली,

तुझ्या पत्रात प्रश्न एकच होता: आईला आता समजते का? उत्तराला उशीर झाला, कारण मला मत कळवायचे नव्हते, निष्कर्ष कळवायचा होता. हा प्रश्न तू का विचारलास, हे आपल्या दोघांना ठाऊक आहे. त्याकडे शेवटी येतो. आधी पुरावा.

आईला अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आले. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टरांचे म्हणणे असे की बोलता न येणे वेगळे आणि न समजणे वेगळे. नलिनीच्या बाबतीत बहुधा दोन्ही असावे. ‘बहुधा’ या शब्दावर थांबायची मला सवय नाही. जन्मभर मुलांना तर्कशास्त्र शिकवले ते काही त्यासाठी नव्हे. तिचे सगळे करायला सारजाबाई येतात. त्या “पाणी देऊ का?” विचारतात, तिची मान होकारार्थी हलते, आणि मग मला ऐकवतात, “बगा सर, समदं कळतंय बाईंना.” एकदा मी विचारले, “पाणी नकोच ना?” मान तशीच हलली. सारजाबाई रागावल्या. “तुमी उलटंच इचारता, त्या तरी काय करतील?” म्हणाल्या.

जूनमध्ये घरमालक हैबतरावांचा शेखर तुझा जुना कॉम्प्युटर दुरुस्त करायला आला आणि चालतो का हे पाहण्यासाठी त्याने त्यातला क्रिकेटचा खेळ लावला. तू कॉलेजात असताना तुम्ही दोघी एकाच कीबोर्डवर तो खेळत होतात. उजवीकडच्या बाणांच्या कळा तुझ्या, फलंदाजी तुझी. डावीकडची अक्षरे आईची, गोलंदाजी तिची. पोळ्या लाटताना रेडिओवर समालोचन ऐकणाऱ्या आणि पुढचा चेंडू कसा पडावा हे समालोचकाला सुनावणाऱ्या बाईला तू प्रत्यक्ष चेंडू दिलास. टप्प्याची खूण आधी हलवून ठेवायची. एका अक्षराने चेंडू बाहेर जातो, दुसऱ्याने आत येतो. गोलंदाज धावत येताना वेगाची पट्टी भरत जाते, ती काठाला पोचता पोचता कळ सोडायची. लवकर सोडली तर चेंडू मवाळ, उशीर झाला तर नो-बॉल. तिने डावपेच एकच बसवला होता. पहिले दोन चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर जाणारे, तुला पुढे येऊन मारायचा मोह पाडणारे; तिसरा त्याच टप्प्यावरून आत. मग तिची आरोळी, “फसली गं बाई, फसली!” तिसरा आत येणार हे तुला माहीत असे आणि तरीही तू त्रिफळाचीत होत असस. पलीकडच्या खोलीत पेपर तपासताना माझ्या ते लक्षात आले होते.

शेखरने तिची चाकांची खुर्ची टेबलाजवळ आणली. डावा हात आपोआप अक्षरांवर गेला. खूण हलली, पट्टी भरली. एक बाहेर. दुसरा बाहेर. तिसरा आत आला आणि मधली यष्टी उडाली. शेखर ओरडलाच, “आयला! काकू लई डोक्यानं टाकत्यात की. ह्यो गडी पार गंडला!” मला गॅलरीत जाऊन उभे राहावे लागले.

माझी मांडणी अशी होती. सापळा लावणाऱ्याला मागचे दोन चेंडू आठवावे लागतात, समोरचा काय समजून बसला आहे हे ताडावे लागते, आणि त्याला फसवण्याची इच्छा असावी लागते. सापळा दिसतो आहे. अर्थात स्मृती, समज आणि इच्छा तिच्या ठायी आहेत. त्यानंतर मी तिला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवू लागलो. तुझे पत्रही वाचले, पूर्ण, दोन वेळा. तिची नजर बंद पडद्यावर होती. खेळ लावून हवा असेल, असे मी मानले.

परंतु हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, विरुद्ध उदाहरणात तपासल्याशिवाय ग्राह्य धरता येत नाही. मी शेखरला डावखुरे फलंदाज लावायला सांगितले. डावखुऱ्याला तिचा बाहेरचा चेंडू पायांवर येतो. समज असेल तर डाव बदलायला हवा. शेखर चिडला. “परीक्षा कशाला घेताय, सर? खेळत्यात तर खेळू द्या की.” मी ऐकले नाही. पहिला चेंडू पायांवर, चौकार. दुसरा तेथेच, चौकार. तिसऱ्याने काही घडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढचे षटक तसेच, त्यापुढचेही. शेवटी मी पडदा बंद केला. काळ्या काचेसमोर तिची बोटे चालत राहिली: तेच अक्षर दोनदा, मग दुसरे. शेखर जिना उतरून गेला.

पिरंगुटच्या बाजूला डोंगरावर सकाळी जे दिसते, त्याला नवखा माणूस धूर म्हणेल आणि तेथे अग्नी आहे असे अनुमान काढील. ते धुके असते. हा दोष मी वर्गात इतक्यांदा समजावला की तो माझ्याकडून घडेल असे वाटले नव्हते. हाताला वळण उरले आहे. माणूस उरलेले नाही.

आता दुपारी मी तिच्यासाठी उजवे फलंदाज लावतो. बळी पडला की सारजाबाई टाळ्या वाजवतात. परवा तुझ्या जागी बसून मी बॅट फिरवून पाहिली. तिसरा चेंडू आत येणार हे ठाऊक असूनही मला तो अडवता आला नाही. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

आता तुझी अट. दिग्विजयचे घर सोडून तू बॅग घेऊन आलीस, त्या दिवशी आई उंबरठ्यात आडवी उभी राहून म्हणाली होती, “नवरा टाकून आलेलीला माझ्या घरात जागा नाही.” तू त्याच पावली बंगळूरला गेलीस, ती तिच्या आजारातही आली नाहीस. आणि आता लिहितेस, तिला समजत असेल तर विचारा, ती ‘ये’ म्हणाली तरच येईन. ‘हो म्हणाली’ असे मी लिहू शकलो असतो. तिची मान हलते, त्यामुळे ते शब्दशः खोटेही ठरले नसते. पण तू आली असतीस आणि तिच्या डोळ्यांत ते ‘हो’ शोधत बसली असतीस. तो नकार मागे घेऊ शकणारी एकच व्यक्ती होती आणि ती आता नाही. तिने तुला क्षमा केली असती का, हे तुला कधीच कळणार नाही, मलाही नाही. तुझी अट पुरी होणे अशक्य आहे, एवढेच मला सिद्ध करता आले. माझे बोलावणे तिच्या बोलावण्याच्या तोडीचे नाही, हे मी जाणतो. पण या घरात ‘ये’ म्हणू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे. म्हणून मी म्हणतो: ये.

तुझाच,
बाबा