राळेच्या मलमावरचं पाणी

निकिता,

भेगांचं मलम संपलं, म्हणून राळ आणायला भद्रकालीच्या बाजारात चाललेय. भात झालाय, दुपारी जेवायला आलीस की आमटी तेवढी गरम करून घे.

आज सकाळी तू मोजे न घालता, उघडी सँडल घालून कामावर गेलीस, ते मी गॅलरीतून पाहिलं. दोन महिने रक्त येत होतं त्या टाचा आता लोण्यासारख्या दिसतात. तू मेडिकलमधून आणलेल्या तीन ट्यूबा मात्र कपाटात तशाच पडल्यात. "असलं गावठी काही मी लावत नसते," असं पाहुण्यांसमोर कोण म्हणालं होतं, ते माझ्या लक्षात आहे. त्या दिवसापासून आपण सासू-सुना शेखरमार्फत बोलतोय, तेही लक्षात आहे.

शेखरनेच मलमाची वाटी संपवली, असं सांगू नकोस. त्या मलमावर पाणी ठेवावं लागतं आणि रोज बदलावं लागतं, नाहीतर वास सुटतो. मी चार दिवस इगतपुरीला कुसामावशीकडे होते. आले तर वाटीत तळाशी उरलेल्या मलमावरचं पाणी नितळ! ज्याला स्वतःचा चहाचा कप विसळता येत नाही, तो काय मलमाचं पाणी बदलणार?

जिंकले मी. कबूल कर किंवा करू नकोस.

संध्याकाळी जरा लवकर ये. राळ तेलात कालवून परातीत शंभर पाण्यांनी धुवायची आहे. घोटायचं काम माझं, मोजायचं तुझं. आणि मनातल्या मनात नाही, मला ऐकू येईल असं मोज.

आई