वापरण्यापूर्वीची रत्नप्रभा

आदर्श नगर, जयपूर
एप्रिल १९८६

तीर्थरूप प्रभाकरदादांस,

धाकट्या रत्नप्रभेचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा दमा कसा आहे? इकडे माझा चेहरा सोडून सगळे क्षेम. आमच्या विभाच्या सोयरिकीसाठी तुम्ही साताऱ्याच्या मंडळींकडे शब्द टाकलात आणि त्यांनी मुलीच्या आईला त्वचेचा रोग आहे काय असे विचारले, हे तुमच्या पत्रात वाचले आणि कणीक तशीच टाकून लिहायला बसले.

दादा, मला काहीही झालेले नाही! ह्यांच्या बँकेतले एक गिऱ्हाईक क्रीम बनवतात. भाभीजींची त्वचा किती नितळ, जाहिरातीला एक फोटो द्या, म्हणून मागे लागले. हे विरघळले. (मीही विरघळले, खोटे कशाला सांगू?) स्टुडिओत फोटो काढला एक, पेपरात आले दोन! एक क्रीम वापरण्यापूर्वी, एक वापरल्यानंतर. पहिल्यात माझ्या गालांवर ब्रशने डागांची रांगोळी घातलेली. दुसऱ्यात डाग नाहीत, हनुवटीवरचा तीळही नाही, आणि रंग असा की आपल्या आईनेसुद्धा मला ओळखले नसते. खाली ठळक अक्षरांत 'नैसर्गिक सौंदर्य'. ते क्रीम मी आजवर बोटालाही लावलेले नाही. (त्या गृहस्थांची बायको स्वतः बेसन लावते.) जाब विचारायला गेले, तर स्टुडिओतला ब्रशवाला शांतपणे म्हणतो, "भाभीजी, पहले खराब नहीं करेंगे, तो बाद में ठीक क्या करेंगे?"

हेही मी गिळले असते. पण नेमके होळीनंतरचे शीतलामातेचे दिवस आले. अंगावर देवी आल्या की इकडे 'माता निघाली' म्हणतात. खालच्या खंडेलवालभाभींनी फक्त पहिला फोटो पाहिला, आमच्या दाराला कडुलिंबाची डहाळी बांधली आणि मला बसमध्ये कोंबून चाकसूच्या जत्रेला नेले. का, तर मातेने बरे केले म्हणून! मी टेकडी चढले, दंडवत घातला, आदल्या दिवशीचे गार अन्न खाल्ले (शीतलेला ऊन चालत नाही) आणि पोट बिघडवून घरी आले. त्याच जत्रेत इथल्या लष्करी छावणीतल्या गुलाबरावांची बायको मालन भेटली. ती त्या सातारकरांची भाची. जाहिरातीचे कात्रण तिनेच मामाला धाडले असणार.

तर त्यांना ठणकावून सांगा, की रोग माझ्या घरात नाही, त्या जाहिरातवाल्यांच्या डोक्यात आहे. माणसाचा आहे तो चेहरा पुसून दुसराच काढायचा, ही कुठली रीत? पण हे स्थळ हातचे जाऊ नये हो. माझा जीव टांगणीला लागला आहे.

तुमची
रत्नप्रभा

ता. क. : विभाचा जो फोटो तुमच्यामार्फत सातारकरांकडे गेला, तो काहीतरी निमित्त काढून परत मागवा. तो त्याच ब्रशवाल्याच्या हातचा आहे. (त्यात लबाडी काही नाही. चष्मा काढलाय आणि जरा उजेड वाढवलाय.)

ता. क. : मामा, मी विभा. आईने पोस्टात टाकायला दिलं आणि मी वाचलं. ह्याच पाकिटात माझा दुसरा फोटो टाकलाय, सावळा आणि चष्म्यासकट. तो त्यांना द्या. आणि त्यांच्या मुलाचा जो फोटो आलाय, त्यात तो खुर्चीत बसलाय. मतलब, त्याला म्हणा, एक उभा राहून पाठव.