ओव्हनमधली नंबरप्लेट

मार्लीस,

ओव्हनला हात लावू नकोस. बाबांनी जुन्या फोर्डची नंबरप्लेट आत ठेवलीय. मंद आचेवर भाजली की रंग पक्का बसतो म्हणे. तुझं जेवण फ्रिजमध्ये आहे, आज थंडच खा.

तीन दिवस गॅरेजात बसून त्यांनी जुना रंग खरवडला, काळा मारला आणि पत्र्यातून वर उठलेल्या आकड्यांवरून पिवळा रोलर फिरवला. मी म्हटलं, मी धरू का? तर म्हणाले, "इडा, तू तुझा केक बघ. चाळीस वर्षं गाड्याच रंगवल्यात मी."

पिवळा रंग आकड्यांबाहेर सगळीकडे फासला गेलाय. त्यांना तो दिसत नाही. ते बोटांनी चाचपतात, आणि बोटांना आकडे बरोबरच लागतात. "कशी झालीय?" असं विचारलं त्यांनी. मी छान म्हटलं.

मी वॉलेसकडे गाडी त्याला विकल्याच्या कागदांवर सही करायला गेलेय. बाबांना चर्चमध्ये जाते म्हणून सांगितलंय. शनिवारी तो गाडी न्यायला येईल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी किल्ली काढून घ्या म्हटल्याला महिना झाला. रोज सकाळी सांगायचं ठरवते, आणि रोज त्यांच्यापुढे कॉफी ठेवून परत येते. तू सांगशील का? तुझं ते ऐकतात.

प्लेट निवली की ते ती गाडीला लावायला निघतील. तिचे चारही स्क्रू मी पिठाच्या डब्यात लपवलेत. काल दुपारभर ते शोधत होते. मीही त्यांच्याबरोबर शोधले.

आई