दाजींचा चेहरा मोठा करण्याबाबत

फोटो छापायचं यंत्र सध्या गुळण्या करतंय. पिवळा रंग येत नाही म्हणून त्याला स्वतःचं तोंड धुवायला लावलंय, आणि ते संपेपर्यंत हात लावायचा नाही असं पुस्तिकेत लिहिलंय. तेवढ्यात तुला पत्र लिहून घेतो.

चि. सुदर्शन, तू, सूनबाई आणि श्रेया पुण्यात सुखरूप असाल असं धरून चालतो. तुझी आई, म्हणजे आमची अक्का, इथं आमच्याकडे बरी आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळा सरल्यावर करायचं ठरलंय, तोवर तिला लांबची माणसं आवाजावरून कळतात. तुझ्या मामीचे गुडघे बरे आहेत, कारण बोअर आटल्यापासून (समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सात मजले उठले, त्यांनी आपल्याहून खोल बोअर मारला) टाकी बघायला गच्चीवर चढायचं कारणच उरलेलं नाही. तुमच्याकडे पाणी रोज येतं म्हणे. येऊ दे.

विषय तुझ्या वडिलांच्या फोटोचा आहे. स्टुडिओतून मोठा करून आलेला आणि आमच्या हॉलमध्ये लागलेला तो फोटो तू पाहिलेला आहेसच. त्यात दाजींनी कोट घातलाय, टाय लावलाय. टोपी काढून तिथं केस दिलेत, डाव्या गालावरचा मस पुसलाय आणि भिंतीला द्यावेत तसे दोन हात देऊन रंग उजळलाय. (गंगापूरच्या रानात ते या वेशात उतरले असते तर बैलांनी ओळख दिली नसती.) आपल्याकडे माणूस गेला की स्टुडिओवाले त्याला साहेब करतात. अक्का जवळजवळ वर्षभर या साहेबाला हार घालत आली. परवा म्हणाली, "लक्ष्मणा, ह्यो उतरव बाबा. रोज ह्याच्याकडं बघून बघून मला त्यांचं तोंड आठवंना झालंय." मी म्हणालो, दाजीच आहेत ते. "व्हय? मग मस कुठंय? का तिकडं गेल्यावर झडला?" पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी या परक्या माणसापुढं पान वाढणार नाही, असं तिनं सांगून टाकलंय.

खरे दाजी एकाच फोटोत आहेत. तीन वर्षांमागच्या दुष्काळात ते आमच्याकडे आले होते. गल्लीत टँकर आला, त्यांनी पाइप हातात घेतला आणि शेवटचा हंडा भरेपर्यंत सोडला नाही. भिजलेला सदरा, मागं सरकलेली टोपी, हसताहेत. तो तूच काढलास आणि मला व्हॉट्सअॅपवर पाठवलास. पण स्टुडिओचं नाव काढायला अक्का तयार नाही. ते ह्यालाही कोट घालतील, म्हणते. म्हणून मोठे फोटो घरीच छापायचं यंत्र घ्यायचं ठरलं.

ते निवडायला मी गुलमंडीपासून कॅनॉटपर्यंत सगळी दुकानं फिरलो. कुठं चार रंगांचं, कुठं सहा रंगांचं. एक दुकानदार म्हणाला, "अंकल, चेहरा अच्छा चाहिए तो छे कलर लो." दाजींच्या कातडीला सहा रंग लागावेत याचं मला नवल वाटलं (उन्हानं एकच ठेवला होता), पण मान हलवली. शेजारच्या हिमांशूनं समजावलं की शाई दोन जातींची असते. एक कागदात मुरते आणि रंग भरदार देते, दुसरी कागदावर बसते, जरा फिकी, पण पाण्याला दाद देत नाही. मी भरदार घेतली. कागद बिनचमकीचा घेतला, कारण चमक असली की अक्काला फोटोऐवजी समोरची खिडकीच दिसते. त्याच कारणानं काचही बसवायची नाही. यंत्र इतकं रुंद निघालं की पाण्याच्या ड्रमांवर फळी टाकून ठेवावं लागलं. नळ आला की आधी यंत्र उतरवायचं, मग ड्रम भरायचे. तुझी मामी पद्मजा म्हणते, बरं झालं, पाण्यावर राखण बसली.

काल पहिला फोटो निघाला. फोनवरचा फोटो एवढा ताणल्यावर दाजींच्या तोंडाचे फरशी घातल्यासारखे चौकोन झाले. मी तो लपवणार होतो. अक्कानं हातातून घेतला, उजेडात नेला, हातभर लांब धरला. (तिच्या डोळ्यांना चौकोन दिसत नाहीत.) बराच वेळ बघून म्हणाली, "आले." मग देवापुढं जाऊन गंध उगाळलं आणि ओलं बोट दाजींच्या कपाळाला टेकवलं. कपाळ बोटाबरोबर आलं. भुवया नाकापर्यंत उतरल्या. दुकानात मी सगळं विचारलं होतं. फोटोला रोज ओलं बोट लागणार आहे, एवढंच सांगायचं राहिलं. पण ते कोण सांगतं?

अक्का बोटाकडं बघत राहिली. "मीच पुसलं व्हय रं त्यांना?" मी म्हणालो, नाही अक्का, शाई पुसली. ती जेवलीच नाही. आत्ता इथंच खुर्ची घेऊन बसलीये आणि यंत्राला विचारतेय, झालं का.

श्रेयाला आशीर्वाद.

तुझा,
लक्ष्मणमामा
सिडको, मे २०१६

ता.क. तुझ्या कॅमेऱ्यातला मूळ फोटो पेनड्राइव्हवर घालून कुरिअरनं पाठव. फोनवर सांगितलं असतं तर तू तो लगेच व्हॉट्सअॅपवरच पाठवला असतास आणि पुन्हा चौकोनच निघाले असते, म्हणून हे पत्र.

ता.क. दुसरा. खरं तर पाठवू नकोस, घेऊन ये. कोट-टाय तू सांगितल्यावरून चढवला, हे मला स्टुडिओवाल्याकडून कळलंय. अक्काला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. बाप साहेबासारखा दिसावा असं पोराला वाटलं, त्यात वाईट काही नाही. पण वर्षश्राद्धाच्या आधी ये आणि हॉलमधला तो साहेब तुझ्या हातानं उतरव. जाताना यंत्र घेऊन जा. पद्मजाला ड्रम मोकळे हवेत.

सकाळी. पिवळा आला. फोटो निघाला, चौकोनांसकट. अक्कानं तो मला भिंतीला लावायला लावला, गंध उगाळलं, कागदाची वरची कड कोरड्या हातानं चाचपली आणि गंध कडेच्या वर, भिंतीला लावलं. मग चहा मागितला.