तपासणीत बाद ठरलेला खेळ

सर,

आपल्याला जाऊन इतकी वर्षे लोटली आहेत की आपल्याला उद्देशून लिहिताना मलाच संकोच वाटतो. परंतु ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखी नाही. कॉलेजात शिकत असताना रात्रपाळी उरकल्यावर कंपनीची बस मला चिंचवडला सोडायची आणि मी तसाच आपल्या प्रयोगशाळेत यायचो. लंबकाच्या प्रयोगात उत्तर पुस्तकाबरहुकूम यावे म्हणून मी नोंदी बदलल्या होत्या, तो दिवस अजून लख्ख आठवतो. आपण वही हाती घेता, तांबड्या शाईने पान आडवे खोडता आणि सगळ्यांदेखत विचारता, "हे पुस्तकाला विचारून लिहिलंस. लंबकाला कधी विचारणार?" दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी तासभर आधी येऊन आपण प्रयोगशाळा उघडलीत, त्याविषयी मात्र अवाक्षर काढले नाहीत. पुढे चाकणच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात माझी सारी नोकरी गेली. साहेबांनी कितीही गळ घातली तरी मी एकही आकडा हलवला नाही.

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. एकुलती एक मुलगी वाकडचा फ्लॅट सोडून माझ्याकडे राहायला आली, आणि घरात दोघे असूनही बोलणे संपले. मी "जेवलीस का" विचारायचो, ती "हो" म्हणायची. पूर्वी मायलेकींचे हसणे खाली जिन्यापर्यंत ऐकू येई. आईबरोबर हिचेही हसणे गेले, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती.

माणच्या एका कंपनीत ती खेळ तयार करते. शाळकरी मुलांना क्वांटम भौतिकीची ओळख करून देणारे. एका रविवारी सकाळी तिने टॅबलेट माझ्यापुढे ठेवला आणि "जमलं तर बघा" एवढेच म्हणाली. त्या खेळात दोन फटींच्या दिशेने एकेक कण सोडायचा. सोडत गेलो की पलीकडच्या पडद्यावर सुरेख पट्टे उमटतात. पण कण कोणत्या फटीतून जातो हे पाहण्यासाठी झरोका उघडला, की पट्टे नाहीसे होतात. मी पुन्हा पुन्हा करून पाहिले. मग सवयीने कागद घेतला, रकाने आखले आणि रीतसर अहवाल लिहिला: तपासणी न केल्यास माल उत्तम, तपासणी करताच माल बिघडतो, सबब अस्वीकृत. खाली सही केली.

तिने तो स्वयंपाकघरात, पोहे परतता परतता वाचला. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. "बाबा, तुम्ही चक्क अख्खं क्वांटम रिजेक्ट केलंत? अहो, निसर्गच तसा आहे. त्याला दुरुस्तीला कुठे पाठवू?" मग पोहे गार होईस्तोवर ती मला समजावत होती, आणि मध्येच आईच्या स्वरात म्हणाली, "ह्यांच्या तपासणीत देवसुद्धा पास व्हायचा नाही." तिची आई हे खरोखरच म्हणत असे. ती गेल्यानंतर प्रथमच आम्ही तिच्याविषयी बोललो, पुष्कळ बोललो. मला इतके हलके वाटले की मी गार पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले.

हे पत्र कोठे टाकायचे नाही, म्हणून एक कबुली देतो. पुढच्या रविवारी मी दुसरा अहवाल लिहिला आणि खेळात आणखी दोन दोष दाखवले. तोवर मला सारे समजले होते. खेळ निर्दोष होता. नोंदी मी जाणूनबुजून खोट्या लिहिल्या, सर, आणि तिसऱ्या अहवालाचे रकाने आजच आखून ठेवले आहेत.